धार गेली की कीट बसले?

गोल करवतीचे पाते धार लावून आणल्याला फार दिवस झालेले नसतात. तरीही कापलेल्या फळीच्या कडेवर तपकिरी-काळे चट्टे दिसू लागतात, मशीनचा आवाज बदलतो, करपल्याचा वास येतो आणि कालपर्यंत सहज सरकणारी फळी रेटावी लागते. सुतारकामाच्या बहुतेक कारखान्यांत यावर एकच निदान होते: पात्याची धार गेली. मग पाते पुन्हा धारवाल्याकडे जाते, नाहीतर नवे आणले जाते. पण तेच पाते उतरवून गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून पाव तास भिजवले आणि ब्रशने घासले, तर अनेकदा ते पुन्हा पहिल्यासारखे कापू लागते. सोड्याच्या पाण्याने कोणत्याही हत्याराला धार लागत नाही. याचा अर्थ धार जागेवरच होती, ती फक्त झाकली गेली होती.

धार कशाने झाकली जाते, तो थर इतका चिवट का असतो आणि सोड्यासारखी घरातली वस्तू तो कसा सोडवते, हे समजले की दोन गोष्टी आपोआप पटतात. पहिली अशी की, पाते धुणे हा कापण्याच्या कामाचाच भाग आहे आणि धार लावायचा विचार करण्याआधी ते झाले पाहिजे. दुसरी अशी की, या कामाला जालीम रसायन लागत नाही आणि मनगटाचा जोरही लागत नाही. योग्य रसायनाला थोडा वेळ दिला की पुरते.

एका दाताचे काम

धार झाकणाऱ्या या चिकट थराचा, म्हणजे चिकट्याचा, एवढा परिणाम का होतो हे कळण्यासाठी पात्याचा एकच दात जवळून पाहू. टेबल सॉवर सर्रास वापरले जाणारे १० इंची, म्हणजे २५४ मिलिमीटर व्यासाचे पाते घ्या. त्याची तबकडी पोलादाची असते आणि दातांच्या टोकांवर टंगस्टन कार्बाइडचे छोटे तुकडे चांदीमिश्रित धातूने ब्रेझिंग करून बसवलेले असतात. कापण्याचे काम ही कार्बाइडची टिप करते, पोलादी तबकडी तिला धरून फिरवते. तबकडीची जाडी २.२ मिलिमीटर असेल, तर टिपेची रुंदी ३.२ मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे टिप लाकडात जी चीर पाडते तिच्यात तबकडीच्या दोन्ही अंगांना जेमतेम अर्धा-अर्धा मिलिमीटर जागा मोकळी राहते. तेवढ्या जागेच्या जिवावर तबकडी लाकडाला न घासता फिरते. टिपेच्या बाजूही मागे किंचित निमुळत्या केलेल्या असतात. लाकडाला फक्त पुढची कड लागावी आणि मागचा भाग मोकळा राहावा, हा त्यातला हेतू.

आता वेगाचा हिशेब करू. या पात्याचा परीघ सुमारे ८० सेंटिमीटर. ते मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर दाताचे टोक सेकंदाला सुमारे ५३ मीटर, म्हणजे ताशी १९० किलोमीटरच्या वेगाने धावते. पात्याला ४० दात असतील, तर दर सेकंदाला अडीच हजारांहून जास्त दात लाकडातून जातात. फळी मिनिटाला ४ मीटर या गतीने पुढे सरकवली, तर प्रत्येक दाताच्या वाट्याला ०.०२५ मिलिमीटरचा घास येतो. मिलिमीटरचा हा चाळिसावा हिस्सा आहे. इतका बारीक घास घेणाऱ्या कडेभोवती त्याच मापाचा चिकटा साचला, तर कड लाकडात नीट शिरत नाही, वरून घसरते. कापणे कमी होते आणि घासणे वाढते. डोळ्यांना नगण्य वाटणारा थर दाताच्या मापाने मात्र मोठा असतो, हे या सगळ्या प्रकरणाचे मूळ आहे.

चिकटा येतो कुठून?

झाड आपल्या जखमा बुजवण्यासाठी आणि कीड-बुरशीला दूर ठेवण्यासाठी जे पदार्थ तयार करते, ते कापलेल्या लाकडातही राहतात. पाइनच्या जातीत हा पदार्थ म्हणजे राळ. हिमाचल आणि उत्तराखंडातल्या चीड वृक्षांना खाचा पाडून जी राळ गोळा केली जाते, तिचीच भावंडे न्यूझीलंडहून येणाऱ्या आणि पेट्या, पॅलेट, स्वस्त फर्निचर यांसाठी खपणाऱ्या पाइनमध्ये असतात. झाडातून निघणाऱ्या राळेत दोन भाग असतात. एक उडून जाणारे पातळ टर्पेंटाइन आणि दुसरा मागे उरणारी घट्ट, पिवळसर राळ. ही घट्ट राळ बहुतांशी निरनिराळ्या आम्लांची बनलेली असते आणि साधारण ७० ते ८० अंश सेल्सियसला मऊ पडते. सागवानात पाइनसारखी राळ नसते, पण तेलकट द्रव्ये, थोडे नैसर्गिक रबर आणि सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. फणसाच्या लाकडात चीक असतो. प्लाय आणि एमडीएफ यांत भर पडते ती डिंकाची. साध्या प्लायमध्ये युरिया फॉर्मल्डिहाइड आणि पाण्यात टिकणाऱ्या प्लायमध्ये फिनॉल फॉर्मल्डिहाइड या कृत्रिम रेझिनचे थर लाकडाच्या पापुद्र्यांना जोडून ठेवतात. प्रत्येक चिरेत पाते हे थर कापत जाते.

दाताच्या टोकाशी कापताना मोठी उष्णता तयार होते. तिने टर्पेंटाइन उडून जाते आणि राळ वितळते. वितळलेली राळ पिठासारख्या बारीक भुशात मिसळून धातूवर पसरते आणि मग हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावत कडक होत जाते. रोजच्या वापरातल्या कढईच्या बाहेरच्या अंगावर तेलाचे तपकिरी किटण बसते, त्याची घडण अशीच असते. पातळ थर, उष्णता आणि हवा एकत्र आली की छोटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांचे जाळे बनते. ताजे तेल कोमट पाणी आणि साबणाने निघते, जुने किटण तसे निघत नाही. पात्यावरच्या थराचेही हेच आहे. आजचा चिकटा सहज सुटतो, दोन महिन्यांचा सुटत नाही.

उन्हात धरून दात पाहिला, तर हा थर कुठे बसतो तेही कळते. टिपेच्या अगदी कडेवर तो पातळ असतो, कारण तिथे लाकूड त्याला सतत पुसत असते. कडेच्या लगेच मागे, टिपेच्या दोन्ही बाजूंना, टिप आणि पोलाद यांच्या सांध्याखाली आणि दोन दातांमधल्या खाचेत तो जाड होत जातो. तिथे धातू तुलनेने थंड असल्याने वितळलेली राळ गोठते. रंग मधासारख्या पिवळ्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत बदलतो आणि जितका गडद, तितका थर जुना व जास्त भाजलेला समजावा. दाताला मोकळेपणा देण्यासाठी राखलेल्या जागा नेमक्या याच आहेत. चिकटा त्याच भरून काढतो.

उष्णतेचे दुष्टचक्र

मोकळी जागा भरली की टिपेच्या बाजू आणि तबकडी लाकडाला घासू लागतात. घासल्याने उष्णता वाढते. उष्णतेने लाकडातली आणखी राळ मऊ होऊन पात्यावर येते, आधी बसलेली आणखी भाजून निघते, थर वाढतो, घर्षण वाढते आणि पुन्हा उष्णता वाढते. सुमारे २०० अंश सेल्सियसच्या पुढे लाकूड काळवंडू लागते. फळीच्या कडेवर दिसणारे चट्टे त्याचाच पुरावा आहेत. खाचा भरल्या की दुसरी अडचण उभी राहते. खाचेचे काम कापलेला भुसा चिरेबाहेर वाहून नेणे हे आहे. ती अर्धी भरलेली असेल तर भुसा चिरेतच फिरत राहतो आणि पुन्हा घासला जातो.

उष्णतेचा परिणाम तबकडीच्या आकारावरही होतो. पोलाद तापले की प्रसरण पावते. एक मीटर लांबीचे पोलाद दर अंशाला सुमारे ०.०१२ मिलिमीटरने वाढते. पात्याची कड मध्यापेक्षा ५० अंशांनी जास्त तापली, तर ८० सेंटिमीटरच्या परिघाला सुमारे अर्धा मिलिमीटर जास्त लांबी हवी असते. मधला थंड भाग मात्र जागचा हलत नाही. मग कड सपाट राहू शकत नाही, ती डावी-उजवीकडे लहरू लागते. चीर रुंद आणि खडबडीत होते, पाते कधी सरळ रेष सोडून भरकटते. अशा वेळी कारागीर फळी जोर लावून ढकलतो आणि खरा धोका तिथे आहे. पात्याच्या मागच्या बाजूला लाकूड अडकले, तर ताशी १९० किलोमीटरने वर येणारे दात ते उचलून थेट ढकलणाऱ्या माणसाकडे फेकतात. मशीनवरच्या गंभीर अपघातांचे हे एक नेहमीचे कारण आहे. याखेरीज सतत तापणारी टिप लवकर झिजते. म्हणजे सुरुवातीला धार फक्त झाकलेली असते, पण दुर्लक्ष चालू राहिले की ती खरोखरच जाते.

धुण्याचा सोडा काय करतो?

साध्या पाण्याचा या थरावर काही परिणाम होत नाही, कारण राळेचा रेणू बहुतांशी तेलाच्या स्वभावाचा असतो. कार्बन आणि हायड्रोजनच्या त्याच्या मोठ्या सांगाड्याला पाणी जवळ करत नाही. पण या रेणूच्या एका टोकाला आम्लाचा गट असतो आणि सोडवणुकीची वाट तिथून निघते. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, हा अल्कधर्मी पदार्थ. तो पाण्यात विरघळला की राळेच्या आम्लगटातला हायड्रोजन काढून घेतो आणि त्या जागी सोडियम येतो. तयार होणारा पदार्थ म्हणजे राळेचा साबण. त्याचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलकट भागाला, म्हणून तो पाण्यात विरघळतो आणि उरलेला चिकटाही सोबत उचलतो. हे रसायन काही नवे नाही. पिवळ्या धुण्याच्या साबणात राळ याच गुणासाठी घातली जाते. कागदावर शाई फुटू नये म्हणून लगद्यात राळेचा साबण आणि तुरटी मिसळण्याची रीत जर्मनीत मोरित्झ इलिग यांनी १८०७ साली मांडली, तीही याच क्रियेवर उभी आहे. पाते धुताना आपण पात्यावरच्या घाणीचाच साबण करत असतो.

कोणता सोडा वापरायचा, हा प्रश्न त्यातूनच सुटतो. द्रव किती आम्ल वा अल्क आहे हे पीएच या मापाने सांगतात. ७ म्हणजे शुद्ध पाणी, त्याच्या वरचे अल्क, आणि प्रत्येक अंकागणिक तीव्रता दहापट वाढते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा पीएच ८ च्या थोडा वर असतो, त्यामुळे त्याचे काम फार सावकाश चालते. धुण्याच्या सोड्याचा ११ च्या आसपास असतो आणि तो या कामाला पुरेसा आहे. पाणी गरम असले की राळ मऊ पडते आणि क्रियाही जलद होते. भांड्याच्या साबणाचे चार थेंब घातले की पाणी थराच्या भेगांत चटकन शिरते. म्हणून सोडा, गरम पाणी आणि साबण या तिघांचे मिश्रण एकट्या सोड्यापेक्षा कितीतरी चांगले चालते.

प्लायच्या डिंकाची गोष्ट थोडी वेगळी आहे. पक्के झालेले फॉर्मल्डिहाइड रेझिन हे एकसंध जाळे असते. ते सोड्यात विरघळत नाही आणि थिनरमध्येही विरघळत नाही. तरी प्लायचे पाते सोड्याने साफ होते, कारण पात्यावरचा थर निव्वळ डिंकाचा नसतो. त्यात भुसा, लाकडाची द्रव्ये आणि डिंकाचे कण एकमेकांत गुंतलेले असतात. भुसा पाणी पिऊन फुगतो, मधली राळ सुटते आणि डिंकाच्या कणांची धातूवरची पकड ढिली पडते. बाकीचे काम ब्रश करतो. म्हणून प्लायच्या पात्याला भिजायला जास्त वेळ द्यावा आणि घासणेही थोडे जास्त करावे.

रॉकेल, टर्पेंटाइन, थिनर

अनेक कारखान्यांत पाते रॉकेलच्या बोळ्याने पुसतात. ही सवय बिनबुडाची नाही. तेलकट पदार्थ तेलकट द्रावकात विरघळतो आणि ताजी राळ टर्पेंटाइनमध्ये तर उत्तम विरघळते, कारण झाडात ती दोघे एकत्रच असतात. संत्र्याच्या सालीतून मिळणारे लिमोनीन वापरूनही पाते साफ करण्याचे द्राव बनतात. टर्पेंटाइनमधील पिनीन आणि हे लिमोनीन यांचे रेणुसूत्र एकच आहे, फक्त अणूंची मांडणी निराळी. तेव्हा दिवसाच्या शेवटी ताजा चिकटा पुसून घेण्यापुरते द्रावक ठीक आहे.

अडचण दोन ठिकाणी येते. भाजून कडक झालेल्या थरात रेणूंचे जाळे बनलेले असते. द्रावक त्याला थोडेफार फुगवते, पण विरघळवू शकत नाही, तर सोडा आम्लगटावर काम करत असल्याने जुन्या थरातही शिरकाव करतो. दुसरी अडचण आगीची. थिनरची वाफ आपल्याकडच्या सामान्य तापमानालाही पेट घेते, आणि रॉकेल व टर्पेंटाइनची वाफ ४० अंशांच्या आसपास किंवा त्याआधीच. विदर्भात मे महिन्यात सावलीतही पारा इतका चढतो. भोवती भुसा, मोटरची ठिणगी आणि कोपऱ्यात टाकलेले द्रावकाचे बोळे अशा जागी हा धोका पत्करण्याचे कारण उरत नाही. सोड्याचे पाणी पेट घेत नाही, एवढा एक गुणही त्याची निवड करायला पुरेसा आहे.

जालीम औषध का नको?

सौम्य सोडा चालतो, मग कॉस्टिक सोडा आणखी झटपट चालेल, असा विचार मनात येणे साहजिक आहे. जळकी भट्टी किंवा ओव्हन साफ करण्याच्या फवाऱ्यांत कॉस्टिकच असते आणि ते चिकट्यावर झपाट्याने काम करते यात शंका नाही. पण टिप कशाची बनली आहे हे आधी पाहायला हवे. टंगस्टन कार्बाइड अतिशय कठीण असले तरी टिप म्हणजे त्याचा एकसंध खडा नसतो. कार्बाइडचे सूक्ष्म कण कोबाल्ट या धातूने एकत्र बांधलेले असतात. जर्मनीत कार्ल श्रोटर यांनी ही पद्धत शोधली, तिचे पेटंट १९२३ चे. क्रुप कंपनीने १९२६ पासून हा पदार्थ 'विडिया' या नावाने विकायला काढला आणि आपल्याकडच्या कारखान्यांत आजही 'विडिया टिप' असेच म्हटले जाते. टिपेची कड टिकते ती कण आणि कोबाल्ट दोन्ही शाबूत असतात म्हणून.

आम्ल कोबाल्टला खाते. म्हणून लिंबू, व्हिनेगर आणि विशेषतः शौचालय साफ करण्याचे आम्लयुक्त द्राव पात्याजवळही नेऊ नयेत. ते पोलादालाही गंज चढवतात. तीव्र अल्कात कोबाल्ट त्या मानाने सुरक्षित राहतो, पण कार्बाइडच्या कणांची हळूहळू झीज होऊ शकते. पाच मिनिटांच्या फवाऱ्याने टिप गळून पडणार नाही, हे मान्य करायला हवे. पण कॉस्टिक पात्यावरचा रंग आणि चिकटा रोखणारा लेप उतरवते, अॅल्युमिनियमच्या भागांना खाते, कातडी भाजते आणि डोळ्यात गेले तर दृष्टी घालवू शकते. पाव तास वाचवण्यासाठी एवढी किंमत मोजण्यात हशील नाही. पाते उत्पादकही कॉस्टिक टाळण्याचा सल्ला देतात. चिकटा दिव्याच्या ज्योतीने जाळून टाकणे त्याहून वाईट. त्याने तबकडीला कारखान्यात दिलेला ताण बिघडतो, पोलादाचे पाणी उतरते आणि टिपेचा सांधाही कमजोर होऊ शकतो.

धुण्याची रीत

मशीन नुसते बंद करून भागत नाही, आधी प्लग काढावा. जाड हातमोजे घालून पाते उतरवावे आणि फिरण्याची दिशा दाखवणारा बाण कोणत्या बाजूला आहे ते पाहून ठेवावे. पाते आडवे मावेल अशा प्लॅस्टिकच्या पसरट घमेल्यात हाताला सोसेल इतके गरम पाणी घ्यावे, दर लिटरला दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा आणि साबणाचे थोडे थेंब घालावेत. अॅल्युमिनियमचे भांडे टाळावे. दहा-पंधरा मिनिटांत पाणी चहाच्या रंगाचे होऊ लागते, ते राळेचा साबण सुटल्याचे लक्षण. मग नायलॉनचा कडक ब्रश घेऊन दाताच्या बुडाकडून टोकाकडे घासावे. फारच चिवट जागी पितळी तारांचा ब्रश चालतो, कारण पितळ कार्बाइडपेक्षा कितीतरी मऊ असते. पोलादी पटाशी, स्क्रू ड्रायव्हर किंवा कानस लावून खरवडू नये. कार्बाइड कठीण आहे तसेच ठिसूळही आहे. कडेवर पोलादाचा एक आघात झाला तरी टवका उडतो. पाते फरशीवर किंवा दुसऱ्या पात्यावर आपटण्यानेही हेच होते.

धुतल्यावर साध्या पाण्याने खळबळून लगेच कोरड्या फडक्याने पुसावे आणि पाणी सांध्यांतून पूर्ण उडेपर्यंत उन्हात ठेवावे. सोड्याच्या पाण्यात पोलाद सहसा गंजत नाही, पण साध्या पाण्याचे थेंब राहिले तर कोकणातल्या दमट हवेत काही तासांत गंजाचे ठिपके दिसतात. पाते लगेच वापरायचे नसेल, तर पातळ तेलाचा किंवा मेणाचा हात फिरवावा, आणि वापरण्याआधी तो पुसून टाकावा, नाहीतर फळीवर डाग पडतात. सिलिकॉनचे फवारे टाळावेत, कारण त्याचा अंश लाकडावर लागला की पुढे पॉलिश धरत नाही. शेवटी, पाते ज्या दोन चकत्यांमध्ये आवळले जाते त्याही पुसाव्यात. ५० मिलिमीटरच्या चकतीच्या कडेखाली ०.१ मिलिमीटरचा कण अडकला, तरी पात्याची कड दोन्ही बाजूंना मिळून सुमारे अर्धा मिलिमीटर डुलते. स्वच्छ पाते मळक्या चकत्यांत बसवले, तर मेहनत वाया जाते.

थोडक्यात

• करपलेली कड, बदललेला आवाज, जास्त रेटा: आधी पाते धुवा, मग धारेचा विचार करा.
• दर लिटर गरम पाण्याला दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा, थोडा साबण, १० ते १५ मिनिटे. प्लायच्या पात्याला जास्त वेळ.
• नायलॉन किंवा पितळी ब्रश. पोलादी हत्याराने खरवडणे नको.
• कॉस्टिक, आम्ल आणि ज्योत नको.
• धुतल्याबरोबर पूर्ण कोरडे करा, चकत्या पुसा, बाणाची दिशा पाहून बसवा.

काही आक्षेप

पहिला आक्षेप वेळेचा. कामाच्या धबडग्यात पाते उतरवून धुवायला सवड कुणाला आहे? पण प्रत्यक्ष हात गुंततो तो उतरवणे, घासणे आणि बसवणे यात. भिजण्याचा वेळ दुसऱ्या कामात जातो, आणि एक जादा पाते ठेवले तर मशीनही थांबत नाही. उलट बाजूला करपलेल्या कडा रंध्याने किंवा पॉलिश पेपरने साफ करण्यात जाणारा वेळ आपण हिशेबात धरत नाही. दुसरा आक्षेप असा की, धारवाला पाते साफ करतोच, मग वेगळे धुवायचे कशाला? धार लावताना प्रत्येक वेळी हिऱ्याच्या चाकावर टिपेचा थोडा भाग घासून जातो. टिप ठरावीक वेळाच धार घेऊ शकते आणि मळलेल्या पात्यासाठी त्यातली एक पाळी खर्ची घालणे म्हणजे पैसा दोनदा जाणे. शिवाय राळ चाकाच्या कणांमध्ये भरली तर चाकच नीट कापत नाही. म्हणून धार लावायला पाठवायचे पातेही धुऊनच द्यावे.

तिसरा आक्षेप लेप दिलेल्या पात्यांबद्दलचा. चिकटा धरू नये म्हणून काही पात्यांच्या तबकडीवर टेफ्लॉनसारखा लेप असतो आणि तो खरोखर उपयोगी पडतो. पण लेप तबकडीवर असतो, कापणाऱ्या कडेवर तो टिकूच शकत नाही. टिपेच्या बाजूंवर चिकटा बसतोच, म्हणजे धुण्याची पाळी उशिरा येते इतकेच. चौथा आक्षेप जास्त ताकदीच्या मोटरचा. मोठी मोटर मळके पातेही ओढून नेते, हे खरे आहे. पण ती जादा ताकद भुसा पाडण्यात जात नाही, घर्षणातून उष्णता करण्यात जाते आणि वर सांगितलेले दुष्टचक्र तिने वेगवानच होते.

धार खरोखर गेली असेल तर

धुण्याने प्रत्येक पाते सुधारेल असे मुळीच नाही, आणि स्वच्छ पात्याचा मोठा फायदा हाच की त्यावर खरे निदान करता येते. धुतलेल्या टिपेची कड भिंगातून, प्रकाशाकडे तिरपी धरून पाहावी. तीक्ष्ण कड इतकी बारीक असते की ती प्रकाश परत फेकत नाही. कडेवर अखंड चकचकीत रेघ दिसली, तर ती गोलावली आहे, म्हणजे पाते धारेला द्यावे. एखाद्या टिपेचा टवका उडालेला असेल किंवा सांध्याशी भेग असेल, तर ते पाते चालवू नये. कड तीक्ष्ण आहे, पाते स्वच्छ आहे आणि तरी फळी करपते, तर दोष बहुधा मशीनच्या जुळणीत असतो. फळी टेकवून सरकवायचा गाइड पात्याला समांतर नसला की लाकूड मागच्या दातांवर दाबले जाते. फळी फारच सावकाश सरकवली तरी दात एकाच जागी घासत राहतात. मळक्या पात्यावर मात्र या तिन्ही कारणांची लक्षणे सारखीच दिसतात आणि अंदाजाने पैसे खर्च होतात.

धुण्याची वेळ कॅलेंडर पाहून ठरवण्याचे कारण नाही. पाइन कापणाऱ्या पात्याकडे रोज संध्याकाळी एकदा पाहावे, प्लाय आणि सागवानाच्या पात्याकडे आठवड्यातून एकदा. टिपेखाली तपकिरी पट्टा दिसू लागला की तो पिवळट आणि मऊ असतानाच धुवावा. पावसाळ्यात मशीन काही दिवस बंद राहणार असेल तर पाते धुऊन, वाळवूनच ठेवावे, कारण चिकट्यात अडकलेला भुसा ओलावा धरून ठेवतो आणि लाकडातली टॅनिनसारखी आम्ले त्या ओलाव्यात पोलादाला व कोबाल्टला हळूहळू खात राहतात. पुढच्या वेळी फळीच्या कडेवर करपल्याचा डाग दिसला, तर पाते धारवाल्याकडे पाठवण्याआधी ते एकदा सोड्याच्या पाण्यात भिजवून पाहा. थोडासा सोडा आणि पाव तास एवढाच त्याचा खर्च आहे.